आंब्यापर्यंत

"पाहुण्याला उंबऱ्यातूनच निरोप देतो ना, तो यजमान नव्हे गं, तो राखणदार!"

एनेलेसीची आत्या हे म्हणाली त्याला पन्नास वर्षं झाली असतील. आत्या गेली, तिची झोपडी गेली, पण तो चिरका आवाज काही एनेलेसीच्या कानातून गेला नाही. आलेल्याला निदान मोठ्या आंब्यापर्यंत पोचवायचं आणि मगच माघारी वळायचं. मलावीतल्या त्या सरोवराकाठच्या गावात हे कुणाला सांगावं लागत नसे. तरी एनेलेसी आपल्या बालवाडीतल्या सव्वीस पोरांना दर सोमवारी सांगायची. तिचा तो आवडता धडा.

पोरांनी तो किती मनावर घेतलाय, हे मेरेते निघाली त्या मंगळवारी कळलं.

मेरेते डेन्मार्कची. बावीस वर्षांची, उन्हाने नाक सोललेली, शिक्षिका व्हायला शिकणारी. लहान पोरांना शिकवायचा सराव व्हावा म्हणून पदरमोड करून तीन महिने आली होती. या तीन महिन्यांत एनेलेसीने तिला मोजून चार गोष्टी सांगितल्या: आवाज मोठा कर, पोरांबरोबर खाली बस, लापशी ढवळताना गाणं म्हण, आणि ऊन फार आहे, डोकं बांध. याच्या पुढे एक शब्द नाही. आज सकाळपासून मात्र तिच्या घशात एक वाक्य अडकलं होतं, माशाच्या काट्यासारखं. गिळवत नव्हतं, काढवत नव्हतं. सहा वर्षांपूर्वी पोटची लेक जोहान्सबर्गला निघाली तेव्हाही असंच काहीतरी अडकलं होतं, आणि शेवटी तोंडातून निघालं ते एवढंच: "पेटीला दोरी घट्ट बांध." आता मायलेकी फोनवर पावसापाण्याचं बोलत.

पिकअप दहाच्या सुमाराला आंब्यापाशी येणार होती. ती चुकली तर पुढची शुक्रवारी, आणि मेरेतेचं विमान होतं गुरुवारी.

म्हणून साडेआठलाच वरात निघाली. पुढे मेरेते, पाठीवर तिची पिशवी. मागे गाठींची लांब दोरी, एकेका गाठीला एकेक पोर. दोरीच्या शेवटी एनेलेसी. आणि गाणं:

"पाहुणी निघाली, वाट लागे गोड,
दोन पावलं सोड, दोन पावलं जोड!"

वाटेत लिगोमेका आजोबा अंगणात बसले होते. रिकाम्या हाताने पाहुणी जाते म्हणजे काय? त्यांनी एक तलंग, अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, धरून मेरेतेच्या काखेत दिली. आंबा आला. मेरेतेने एकेकाला जवळ घेतलं, डोळे पुसले.

"झालं. वळा आता," एनेलेसी म्हणाली.

पोरं वळली. एक सोडून. चार वर्षांची तियामिके आपली गाठ धरून तिथेच उभी.

"बाई, मॅडम इथे आंब्याखाली आहे ना?"

"आहे."

"आणि आम्ही तिच्याकडे आलो ना?"

"आलात."

"मग आम्ही पाहुणे. आम्हाला कोण पोचवणार?"

पंचवीस तोंडं एनेलेसीकडे वळली. 'गप चल' एवढं म्हटलं की संपलं असतं. एनेलेसीने रस्त्याकडे पाहिलं, मेरेतेकडे पाहिलं.

"बोलते आहे ते खरंय," ती म्हणाली. "पिकअपला अजून अवकाश आहे."

झालं! वरात उलटी फिरली. आजोबांनी मेरेतेला परत येताना पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"लहान वाटली होय गं? तोंडावर सांगायचंस."

"नाही, आजोबा, छान आहे! मी फक्त पोरांना..."

आजोबा ऐकायला थांबले नाहीत. आतून चांगली अंड्यावरची कोंबडी घेऊन आले. मेरेतेची दुसरीही काख भरली.

बालवाडीच्या दारात मेरेते म्हणाली, "बरं, येते मी."

"इथूनच?" तियामिके किंचाळली. "उंबऱ्यातून?"

आणि सव्वीस पोरांनी, न सांगता, दोरी उचलली.

चुलीपाशी दोरिका लापशी ढवळत होती. बालवाडीचा स्वयंपाक तिच्याकडे, आणि गावाच्या खबरीही. "एनेलेसी, तू पोरांना इथेच बसवून ठेव की. रोज ठेवतेस."

"माझा गुडघा दुखतोय आज."

"गुडघा दुखतो म्हणून आंब्याला दोनदा निघालीस?"

"तू ढवळ. करपते आहे."

दुसऱ्या फेरीत गाण्याला जोर चढला. आजोबांना बिचाऱ्यांना काय करावं कळेना. "आता कोंबडा तेवढा उरलाय," ते म्हणाले. "तोही नेलास तर मला पहाटे उठवणार कोण?" पण पाहुणीपुढे माघार घेणारा माणूस नव्हता तो. कोंबडा मेरेतेच्या पिशवीत गेला आणि मुंडकं बाहेर काढून सगळ्या गावावर ओरडला.

आंब्याखाली पोरं पुन्हा पाहुणी झाली. "मायी, नऊ वाजून गेले," मेरेते एनेलेसीला हळूच म्हणाली; गावातल्यांसारखीच तीही तिला मायी, म्हणजे आई, म्हणायची. एनेलेसी दूर रस्त्याकडे पाहत म्हणाली, "धूळ कुठे दिसतेय अजून?" पुन्हा माघारी. या वेळी दारात मोजली तर पोरं निघाली सत्तावीस. शेजारच्या वाडीतलं एक पोर गाणं ऐकून दोरीला लागलं होतं. त्याला गाठ कमी पडली म्हणून त्याने मेरेतेचा झगा धरला होता.

तिसऱ्या फेरीला मात्र वाटेत आया आडव्या आल्या. सकाळपासून गाणं एकदा इकडून, एकदा तिकडून ऐकू येत होतं. कुणी मेलं की कुणाचं लग्न लागलं, ते बघायला त्या आल्या होत्या. काय चाललंय ते कळल्यावर हसून हसून बेजार झाल्या, आणि जिने तिने आपापलं पोर काखोटीला मारलं. तियामिकेला उलटी उचलून नेली, तेव्हाही ती ओरडत होती, "पण मॅडमला!"

"मी नेते मॅडमला," एनेलेसी म्हणाली.

रिकामी दोरी गुंडाळत ती चालू लागली. गुडघा अजिबात दुखत नव्हता.

आंब्याखाली दोघीच, दोन कोंबड्या आणि एक कोंबडा. टेकाडावरून पिकअप उतरली, धूळ उडवत थांबली. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं.

"काय हो मॅडम, वरून बघतोय मघापासून. तुम्ही जाताय की येताय?"

"जातेय," मेरेते म्हणाली. तिने तिन्ही पाखरं एनेलेसीच्या हवाली केली. "आजोबांना द्या, मायी. पण गाडी दिसेनाशी झाल्यावर."

"हं."

"बरं मग."

"बरं."

मेरेतेने मागच्या फळीवर पाय ठेवला. तेवढ्यात एनेलेसी म्हणाली, "आता मी एकटीच माघारी जायची."

"हो."

"म्हणजे, मला पोचवायला कुणी नाही."

मेरेते हसली. मग तिने एनेलेसीच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिचं हसू थांबलं.

"मायी, ही गाडी गेली तर माझं विमान जाईल."

"ठाऊक आहे मला. मी काय तियामिके आहे?" कोंबडा फडफडला, तिने त्याला घट्ट आवळला. "पोरांचं काही नव्हतं गं त्यात. पहिल्याच फेरीला मी त्यांना गप्प करू शकले असते. केलं नाही."

"का?"

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. कदाचित त्यालाही ऐकायचं होतं.

"तू जाऊ नयेस असं वाटतंय मला, पोरी," एनेलेसी म्हणाली. "आज नाही, तू आलीस त्या पहिल्या आठवड्यापासून वाटतंय."