मान : ती की तो

माणसाच्या देहावर खुद्द माणसापेक्षा व्याकरणाचा हक्क मोठा असतो. झाशीच्या मधुसूदन आंबर्डेकरांना हे एका सरकारी कचेरीत कळलं. कचेरीचा कारभार इंग्रजीतून नुकताच हिंदीत आला होता. मधुसूदनराव घरी मराठी बोलत, बाहेर हिंदी, आणि घाईत दोन्ही.

एका सकाळी त्यांची मान आखडली. खात्रीचा मालिशवाला दूर मऊरानीपूर गावी. त्यांनी अर्ज केला: "मेरी मान अकड़ गई है, तीन दिन की छुट्टी दी जाए।" (हिंदीत मानेला 'गर्दन' म्हणतात, हे मान दुखत असताना आठवत नाही.)

बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, शुद्ध भाषेचे कडक भोक्ते. त्यांनी लाल शाईनं लिंग सुधारलं: "मेरा मान अकड़ गया है।" सुधारणा निर्दोष होती. फक्त अर्थ असा झाला की, कारकुनाचा स्वाभिमान ताठला आहे. या दुखण्यावर रजा नसते, नोटीस असते. ती आली: मान कब से अकड़ा है, और किसके सामने?

मधुसूदनरावांची झोप उडाली. पत्नी कमलिनीबाई तेल चोळता चोळता म्हणाल्या, "अहो, लिहा ना खुलासा! आपली मान संस्कृतातल्या 'मन्या'वरून आली, ती स्त्रीलिंगी. इज्जतवाला तो मान निराळा. नाव एक, पण नातं नाही म्हणावं."

इतका विद्वान खुलासा कारकुनाकडून आल्यावर समिती नेमणं भागच होतं. तिनं खालच्या दोन कचेऱ्यांना विचारलं, आपल्याकडे कर्मचाऱ्यांना मान आहे काय? एकीनं कळवलं: कर्मचारी सत्तावीस, मान शून्य. दुसरीनं कळवलं: एकाला होता, त्याची बदली केली.

अखेर साहेबांनी समितीपुढे समक्ष बोलावलं. "मधुसूदन जी, ज़रा झुकाकर दिखाइए।"

नोकरी वाचवायची की मान, एवढाच प्रश्न होता. मधुसूदनरावांनी डोळे मिटून झुकवली. कट असा आवाज झाला, डोळ्यांत पाणी आलं. समितीनं नोंद केली: झुकते, तक्रार खोटी, रजा नामंजूर.

ती मान पुन्हा वर आली नाही. बढती मात्र आली.

वाचकहो, हसा खुशाल. पण आपली मान आजवर एकदाही आखडली नसेल, तर त्याचं श्रेय प्रकृतीला देऊ नका. ते रोजच्या सरावाचं आहे.