दाढ बधिर होईपर्यंत

"मला वेळच मिळत नाही हो!" असं रडगाणं गाणारी माणसं मला मुळीच आवडत नाहीत. वेळ मिळत नसतो, काढावा लागतो! दाढेसारखा, मुळापासून! आणि दाढा काढण्यात तर माझी हयात गेलीय. मी दातांची डॉक्टर आहे.

चाळिशी उलटल्यावर मी व्हायोलिन शिकायला घेतलं. शिकवणी रविवारी, पण सर म्हणाले, "रोज हात फिरला पाहिजे." रोज? कुठे? घरी पहिल्याच दिवशी गज तारांवर टेकवला मात्र, नवरा ऑनलाइन मीटिंग अर्धी टाकून धावत आला. "काय झालं? दारात बोट सापडलं का?" सासूबाई आतल्या खोलीतून ओरडल्या, "आधी त्या मांजराला बाहेर सोडा!" आमच्याकडे मांजर नाही!

मग माझं डोकं चाललं. दाढेला हात लावण्याआधी बधिर करायचं इंजेक्शन द्यावं लागतं आणि ते चढायला दहा मिनिटं जातात. पेशंट खुर्चीत गप्प, मी रिकामी! दिवसाला असे पाच-सहा पेशंट म्हणजे घरबसल्या तासभर रियाज! घरबसल्या नव्हे, दवाखानाबसल्या! जागाही हाताशी होती. एक्स-रेची खोली! खिडकी नाही, दार जाड, आतून लॅच.

बाहेर टेबलाशी बसून नंबर लावणारी आमची मदतनीस आहे, तिला सगळे चिमणी म्हणतात. दिवसभर चिवचिव चालू असते म्हणून. तिला मी दम भरला, "व्हायोलिन हा शब्द तोंडातून काढायचा नाही! एक गाणं धड येऊ दे, मग सांगू जगाला."

"नाही काढणार, मॅडम!" ती म्हणाली. आणि तिनं शब्द पाळला हो! तिथेच घात झाला.

घात व्हायला आणखी एक कारण होतं, पण ते मला फार उशिरा कळलं. एक्स-रेच्या खोलीत एसीची जी झडप होती, तिचं दुसरं तोंड बाहेर, पेशंट बसतात त्या बाकाच्या बरोब्बर डोक्यावर उघडत होतं.

त्या मंगळवारी खुर्चीत जिमवाला होता. दंड माझ्या मांडीएवढे, पण सुई बघून डोळे गच्च मिटून घेतलेले. खालच्या दाढेला इंजेक्शन दिलं, "पडून राहा, आलेच," म्हटलं आणि खोलीत जाऊन लॅच लावून घेतला. बाहेर बाकावर दोघं होती. एक कुलूपवाला, सुजलेल्या गालावर हात धरून. दुसऱ्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाई. त्यांना दातांना तारा बसवून घ्यायच्या होत्या, वयाच्या साठाव्या वर्षी! पुढे बाहेर जे घडलं, ते चिमणीनं मला नंतर साभिनय सांगितलं.

"कींऽऽऽ!" वरून आवाज आला.

"अगं बाई! एवढा आडदांड माणूस असा रडतोय?" मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं.

"छे! ते दादा नाहीत," चिमणी म्हणाली. "ते मॅडमचं चाललंय."

"मॅडमचं काय चाललंय?"

चिमणी पेचात पडली. तो शब्द तर काढायचा नाही. "सराव," ती म्हणाली.

"सराव?"

"हो. गेल्या महिन्यातच शिकायला लागल्यात ना! पेशंटला इंजेक्शन दिलं की लगेच सुरू करतात."

कुलूपवाल्यानं गालावरचा हात खाली घेतला. "अजून शिकतायत?"

"हात बसायला वेळ लागतोच की, काका! त्यांचे सर म्हणतात, निदान दोन वर्षं लागतील. कालच एक तार तटकन तुटली. थोडक्यात डोळा वाचला!"

मुख्याध्यापिकाबाईंनी पर्स उचलली.

इकडे खुर्चीतला जिमवाला त्या किंकाळ्या एक्स-रेच्या दाराला लागूनच पडून ऐकत होता. त्याला वाटलं, डॉक्टरबाई आत एखाद्या बाईचा जीव घेतायत आणि पुढचा नंबर आपला! तो उठला आणि लाळ टिपायला मी गळ्यात अडकवलेला निळा कागद तसाच लटकवत बाहेर धावला. पण खालचा ओठ लाकूड झालेला. ओठ मिटल्याशिवाय ब, म उमटतील कसे?

त्याला म्हणायचं होतं, "आत बाई आहे! मारतायत तिला!"

तो म्हणाला, "आत आई आहे! आरतायत तिला!"

"अहो, याची आई आत आहे!" मुख्याध्यापिकाबाई किंचाळल्या.

"यांची आई कधी आली?" चिमणी वही चाळायला लागली. "नंबरच नाही लावला त्यांनी!"

"आई नाही, आई!" जिमवाला जीव तोडून समजावत होता आणि त्याच्या हनुवटीवरून लाळ ओघळत होती.

मुख्याध्यापिकाबाईंनी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. कुलूपवाल्यानं पिशवीतून हत्यारं काढली आणि दाढेची कळ विसरून तो माझ्या दाराशी बसला.

आत मी डोळे मिटून वाजवत होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा एक सूर जवळजवळ खरा लागत होता! अंगावर शहारा आला. तेवढ्यात खट्! दार उघडलं आणि तीन माणसं माझ्या अंगावर आली. मी अशी काही किंकाळी फोडली म्हणता! ती मात्र सुरात होती, असं चिमणीचं मत.

"आई कुठाय?" कुलूपवाला गरजला आणि टेबलाखाली वाकला.

"कुणाची आई?" मी ओरडले. गज हातातून सुटून जिमवाल्याच्या पायावर पडला आणि तो एवढा मोठा माणूस टुणकन उडून चिमणीच्या मागे लपला!

एवढ्यात स्ट्रेचर घेऊन दोघं जण आत घुसले. "पेशंट कोण?"

मुख्याध्यापिकाबाईंनी बोट दाखवलं. माझ्या व्हायोलिनकडे! "आवाज यातून येत होता," त्या म्हणाल्या.

मी सगळा खुलासा केला. झडप दाखवली. मला वाटलं, आता हसतील. कुणी हसलं नाही! स्ट्रेचरवाले एकमेकांकडे बघत निघून गेले. मुख्याध्यापिकाबाई दारात थांबून म्हणाल्या, "तारांचं राहू द्या. दात आहेत तसे बरे आहेत." कुलूपवाला सुजलेला गाल घेऊन त्यांच्यामागे गेला आणि जिमवाला तर गळ्यातल्या कागदासकट कधी पळाला ते कळलंच नाही. अर्ध्या तासात माझा दवाखाना रिकामा! पंधरा वर्षांत असं झालं नव्हतं. मी खुर्चीत बसून राहिले, पेशंटच्या!

संध्याकाळी दार वाजलं. जिमवाला! इंजेक्शन उतरलं होतं आणि दाढेनं सव्याज वसुली सुरू केली होती. गाल धरून तो मुकाट खुर्चीत बसला. मला इतकं भरून आलं! निदान एकाचा तरी विश्वास शाबूत होता.

"काही घाबरू नका हं," मी प्रेमानं म्हटलं. "पुन्हा इंजेक्शन देते. दहा मिनिटं थांबू आणि मग..."

त्याची नजर माझ्या खांद्यावरून एक्स-रेच्या खोलीकडे गेली. त्यानं खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले, डोळे मिटले आणि आ वासला.

"इंजेक्शन नको, डॉक्टरबाई! तशीच उपटा!"