नवीन बाई हजर आहे!

"अर्धा तास! फक्त अर्धा तास दे मला, आई. तुझ्या शिफ्टांचा गुंता सोडवते की नाही बघच!"

टकळीने हे अशा थाटात सांगितलं, की जणू ती जन्माला येतानाच शंभर माणसांच्या शिफ्टा लावून आली होती!

गेल्या वर्षापर्यंत ही मुलगी वर्गात 'हजर' म्हणतानासुद्धा घाम पुसायची. यंदा शाळेच्या नाटकात न्यायाधीशाची भूमिका मिळाली, आणि नळाची चावीच तुटली म्हणा ना! बोलणं थांबेना. घरात, शाळेत, सगळीकडे तिचं नाव 'टकळी' पडलं. तिला त्याचाही अभिमान.

नाटक शुक्रवारी दुपारी होतं आणि आईने ते बघायलाच हवं होतं. पण आई कसली येते! आई मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरातल्या धुलाईघराची सुपरवायझर. कोणी आलं नाही की त्याच्या जागी आई उभी. टकळीचं बक्षीस, टकळीची शर्यत, टकळीचा वाढदिवस, दरवेळी कोणीतरी आजारी आणि आई चादरींत!

"वरच्या ऑफिसने शिफ्ट लावायचं सॉफ्टवेअर दिलंय," आई कपाळ चोळत म्हणाली, "पण ते उघडलं की माझंच डोकं बंद पडतं."

"आण इकडे!"

टकळीने आईचा लॅपटॉप मांडीवर घेतला. सगळी माणसं भरली, त्यांच्या वेळा भरल्या, बटण दाबलं. आठवडा हिरवागार! फक्त शुक्रवारची दुपार लालभडक. 'एक व्यक्ती कमी.' आईला सोडलं की लाल, आईला घातलं की हिरवं. सॉफ्टवेअरसुद्धा आईच्याच मागे लागलेलं!

मग टकळीच्या सुपीक डोक्यात ती कल्पना आली. तिने एक माणूस वाढवला. नाव? 'नवीन बाई'. काम? 'सर्व'. उपलब्ध? 'कधीही'. आणि घाईघाईत आणखी एका चौकटीत टिचकी मारली: 'बदली व्यक्ती असल्यास रजा आपोआप मंजूर'.

शुक्रवार हिरवा झाला! एका बाईने दोन-चार चादरी कमी धुतल्या तर हॉस्पिटल काही बंद पडत नाही, असं तिने स्वतःला समजावलं. नाटक झालं की नवीन बाईला पुसून टाकायचं. झालं!

पण सॉफ्टवेअरला कोण सांगणार, की ही बाई फक्त शुक्रवारपुरती आहे? त्याने तिला सोमवारपासूनच कामाला जुंपलं. सगळ्यांच्या फोनवर निरोप गेला, 'आज तुमच्यासोबत: नवीन बाई'.

सोमवारी संध्याकाळी आई घरी आली ती खुशीत. "अगं, वरच्या ऑफिसने न सांगता नवीन बाई पाठवली बघ! नेहमीसारखंच."

टकळीने पेला घाईने खाली ठेवला. "आ... आली ती?"

"पहिल्या दिवशी कसली येतेय! घाबरली असेल बिचारी. चालायचंच."

टकळीने सुटकेचा श्वास सोडला. पण मंगळवारी आई म्हणाली, "आज आली होती हो! पलीकडच्या टोकाला, वाफेत उभी. मी म्हटलं, जमतंय ना? तिने नुसती मान हलवली. काम मात्र काय सुरेख! घड्या अशा, की कापून काढल्यासारख्या!"

टकळीच्या पाठीवरून कोणीतरी ओला टॉवेल फिरवल्यासारखं झालं.

"आई, कशी दिसते ती?"

"आता कशी दिसणार! टोपी, मास्क, पायापर्यंत गाऊन, हातमोजे. आमच्याकडे सगळे सारखेच दिसतात. गप्प असते एवढं खरं."

बुधवारी शाळा सुटल्यावर टकळी थेट तळघरात गेली. म्हटलं, न्यायाधीश आहोत आपण, शहानिशा केलीच पाहिजे! लहानपणापासून ती इथल्या गाठोड्यांवर बसून गृहपाठ करायची, पण त्या दिवशी तिथलं सगळं अनोळखी वाटत होतं. सुकवणीचे ड्रम पोटात दुखल्यासारखे घुमत होते. वाफ इतकी, की स्वतःचा हातही परका वाटावा. वरच्या दांड्यांवर लटकलेल्या चादरी, वारा नसताना, हळूच पोटं फुगवत होत्या.

आणि पलीकडे, रोलरजवळ, कोणीतरी होतं. पाठमोरं. पांढरं.

"न... नवीन बाई?"

ते वळलं. टोपी आणि मास्कच्या मध्ये नुसती एक काळी फट! तोंडातून शब्द नाही. एक हातमोजा सावकाश वर आला, एकदा हलला... आणि वाफ मिटली.

टकळी जी पळाली ती एकदम घरच्या गादीत! एक चप्पल तळघरातच राहिली.

तिने लॅपटॉप उघडला, नवीन बाईला पुसण्यासाठी. पडद्यावर अक्षरं उमटली: 'ही व्यक्ती सध्या कामावर आहे. आता काढता येणार नाही.'

टकळीने लॅपटॉप बंद केला, त्यावर उशी ठेवली आणि उशीवर स्वतः बसली.

गुरुवारी आईने बातमी दिली, "ती आजही आली. दोन माणसांचं काम करते हो एकटी! उद्या मी निर्धास्त. पहिल्या रांगेत बसणार!"

आता हिला काय सांगायचं, की ती बाई मी बनवली आहे? आणि सांगितलं, तर शुक्रवार पुन्हा लाल! टकळीने, टकळी झाल्यापासून पहिल्यांदाच, तोंड बंद ठेवलं.

शुक्रवार उजाडला. पडदा उघडला. काळा झगा सावरत टकळी न्यायासनावर बसली. समोर पहिल्या रांगेत आई! टकळीची छाती अशी फुगली, की झग्याचं बटण उडालं. आईच्या शेजारी... अरे, इस्त्रीवाले काका! त्यांच्या पलीकडे घडीवाली मावशी! मागच्या रांगेत ड्रमवाला दादा, आणि अख्खी दुपारची शिफ्ट! आठवडाभर आईने नाटकाचं इतकं कौतुक सांगितलं होतं, की प्रत्येकाने गुपचूप रजा टाकली होती. आणि ती आपोआप मंजूर झाली होती!

"साक्षीदार हजर आहे का?" टकळीने आपलं वाक्य खणखणीत टाकलं. आणि त्याच क्षणी तिच्या डोक्यात दुसरंच वाक्य पडलं.

धुलाईघरात कोण हजर आहे?

विंगेतून शाळेच्या बाई कुजबुजल्या, "पुढे बोल! 'आरोपीने उभं राहावं'!"

टकळी पुढे झुकली. "काका, तुम्ही सगळे इथे, मग तळघरात कोण?"

इस्त्रीवाले काका खुर्चीतूनच म्हणाले, "नवीन बाई आहे ना!"

"हो, नवीन बाई आहे!" मावशी म्हणाली. "नवीन बाई आहे!" मागची रांग म्हणाली. मग सगळे एकमेकांकडे बघू लागले. आईचा चेहरा चादरीसारखा पांढरा झाला. दुपारच्या ऑपरेशनांच्या सगळ्या चादरी तिथेच होत्या!

"कोर्ट तहकूब!" टकळी ओरडली आणि न्यायासनावरून उडी मारून धावत सुटली. मागे आई, मागे अख्खी शिफ्ट, आणि सर्वांत मागे आरोपी, कारण त्याला कोणी थांब म्हटलंच नव्हतं.

तळघराचा दरवाजा अर्धवट उघडा. आतून घुमण्याचा आवाज. उंबऱ्यावरून काहीतरी पांढरं, मऊ, हळूहळू बाहेर सरकत होतं... फेस! गुडघ्याएवढा फेस! आणि त्या फेसातून, पायापर्यंत चादर पांघरलेलं काहीतरी उठलं आणि दोन्ही हात पसरून त्यांच्याकडे येऊ लागलं.

अख्खी शिफ्ट एका सुरात किंचाळली. ते पांढरंही किंचाळलं! चादर घसरली. आत हॉस्पिटलचा गाडीवाला!

"अहो, चादरी न्यायला आलो तर इथे चिटपाखरू नाही! म्हटलं, नवीन बाई बिचारी नवखी, घाबरून आली नसेल. तिच्या वाटचं करून टाकू. फक्त... साबण किती घालायचा ते कोणाला विचारणार?"

"अरे देवा," मावशी हळूच म्हणाली. "काल मीही तेच केलं."

धुलाईघराची ही जुनी रीत. नवखं माणूस कमी पडलं, की हात मोकळा असेल त्याने त्याचं काम उरकायचं आणि कोणाला सांगायचं नाही. सुपरवायझरला नाही, एकमेकांना नाही, त्या नवख्यालाही नाही. कोणी केलं ते विचारायचं तर मुळीच नाही. नवखेपणी प्रत्येकाचेच हात पोळलेले असतात!

"बुधवारी मी होतो," काका म्हणाले. "दाढ काढलेली, तोंडात कापूस. टकळे, मी हात केला तर तू चप्पल टाकून पळालीस!"

"सोमवारी मी केलं," आईने कबूल केलं. "पण मग ती बाई आहे कुठे?"

टकळीने झग्याचं टोक पिळलं. "आई, ती... ती नाहीच. मी बनवली. तू यावंस म्हणून."

आईने तिच्याकडे पाहिलं, फेसाकडे पाहिलं, गाऊन उचलला आणि तिच्या अंगावर फेकला. "घाल. आधी चादरी, मग तुझी पूजा!"

सगळे भिडले. न्यायाधीशांनी फेस उपसला, आरोपीने गाठोडी वाहिली. चादरी वेळेवर वर गेल्या, अगदी काठावर! शेवटची गाडी गेल्यावर आई टकळीच्या डोक्यावरचा फेस पुसत म्हणाली, "'साक्षीदार हजर आहे का' झकास म्हणालीस हं." टकळीला रडूच आलं. लगेच आई पुढे म्हणाली, "आणि आता दर शुक्रवारी शाळा सुटली की इथे घड्या घालायला यायचं. सॉफ्टवेअरमध्ये तुझं नाव आहेच!"

तेव्हापासून तळघरात आई सोडून तिला टकळी कोणी म्हणत नाही. "आली का आमची नवीन बाई?" एवढंच!

एक गोष्ट मात्र राहिलीच. त्या दिवशी काका जाता जाता म्हणाले होते, "आणि मंगळवारी कोण होतं रे? घड्या काय सुरेख होत्या!" सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. कोणीच हो म्हटलं नाही.

परवाच्या शुक्रवारची गोष्ट. मोठी चादर घडी घालायला दोन माणसं लागतात. टकळीने आपली टोकं धरली. वाफेतून पांढरा गाऊन पुढे आला, दोन हातमोज्यांनी पलीकडची टोकं उचलली. एक झटका, एक दुमड, आणि घडी अशी, की कापून काढल्यासारखी! टकळी नेहमीप्रमाणे बडबडत होती, समोरून नुसती मान हलत होती.

"टकळे!" वरून, जिन्यातून आईची हाक आली. "आम्ही सगळे चहा घेतोय, तूही ये! एकटीच काय करतेस खाली?"

टकळीची टकळी थांबली. चादरीचं पलीकडचं टोक अजून ताठ होतं.

विचारावं का? छे! रीत म्हणजे रीत. कोणी केलं ते विचारायचं नसतं.

शिवाय अजून अर्धं गाठोडं शिल्लक होतं!