एक ठेवायचं, बाकीचं पुढं सरकवायचं

ग्रेस म्हणाली, "आजी, खेळतेस का?" आणि मी "खेळते" म्हणाले. एवढंच झालं. त्या वेळी "मला भाकऱ्या थापायच्या हायेत" म्हणाले असते, तर आज मी माझ्या श्रीरामपूरच्या घरात ओट्यापाशी उभी असते. पण माझं तोंड पहिल्यापासून असंच आहे. ते आधी हो म्हणतं, मग मला कळवतं.

तो रविवार होता. मिस्त्री प्रभूकडं गेले त्याला सहा महिने झाले होते, म्हणून घरी आठवणीची प्रार्थना ठेवली होती. मिस्त्री म्हणजे माझे मालक, डेपोत एस.टी.ची इंजिनं खोलायचे. (सगळी गल्ली मिस्त्री म्हणायची, म्हणून मीही म्हणायची. नाव घ्यायची पद्धत नव्हती, आणि 'अहो' म्हटलं तर गल्लीतले चार जण वळून बघायचे.) तिन्ही लेकरं आली होती. थोरला जॉर्ज केडगावहून, बायको लीनाला आणि नऊ वर्षांच्या ग्रेसला घेऊन. मधली रेबेका पाथर्डीहून, ती नर्स आहे. धाकटा केविन राहुरीहून. मिस्त्रींना माती दिली त्या दिवशीच तिघांची जुंपली होती, आईला कुणी न्यायचं यावरून. मी सगळ्यांनाच हवी होते, पण दुसऱ्याच्या घरी. तेव्हापासून एकमेकांचे फोन बंद.

आणि मला तर कुठंच जायचं नव्हतं. तीन खोल्या, दारात पेरू, भिंतीवर खिळ्याखिळ्याला टांगलेले मिस्त्रींचे पाने. मला अंक वाचता येत नाहीत, पण चौदाचा पाना कुठं आणि सतराचा कुठं, ते मी डोळे मिटून सांगेन. हे सगळं मी त्या दिवशी जेवताना तिघांना सांगणार होते. अगदी पाठ करून ठेवलं होतं.

तर खेळ. ग्रेसनं एक कापडी पिशवी आणि तीन पुठ्ठ्याच्या पाट्या काढल्या, एक तिला, एक मला, एक लीनाला.

"हे डायनासोर, आजी."

"कुठली डायना? बाजारतळामागची? तिचं सोयरपण कुणाशी जमलं?"

"डायनासोर गं! लाखो वर्षांपूर्वीचे प्राणी. सगळे मेले."

"सगळे? एकदम?"

"हो."

"मग मागं रडायला कुणी राहिलं नसंल. बरं झालं," मी म्हणाले. लीना उगाच पाटी सरळ करायला लागली.

खेळ सोपा होता. पिशवीत हात घालून सहा लाकडी जनावरं मुठीत घ्यायची, कुणाला दाखवायची नाहीत. त्यातलं एक आपण ठेवायचं, आपल्या पाटीवरच्या गोठ्यात घालायचं आणि उरलेली मूठ डावीकडच्याला द्यायची. मग उजवीकडच्याची मूठ आपल्याकडं येते. मी माझी मूठ उजवीकडं, ग्रेसपुढं धरली.

"आजी, डाव्या हाताला दे."

"डाव्या हातानं कुणाला काही देतात का? हेच शिकवतात का तुमच्या शाळेत?"

"हातानं नाही! डाव्या बाजूला!"

"मग तर न्हाईच. देवळात पाळकसाहेबांनी परवाच सांगितलं, प्रभू मेंढरं उजवीकडं घेतो अन् शेरडं डावीकडं, नरकात. माझी जनावरं मी डावीकडं धाडू?"

"आई, डावीकडं मी बसलेय," लीना म्हणाली.

"तेच तर म्हणते."

(लीना हसली. चांगली आहे पोरगी. मी उगाच बोलते.)

शेवटी धाडली डावीकडं. गोठेही तऱ्हेतऱ्हेचे. एकात सगळी एका जातीची, एकात सगळी वेगवेगळी. एक गोठा जोड्यांचा. जे कुठंच बसत नाही ते नदीत. "नदीत टाकलं तरी एक मार्क मिळतो," ग्रेस म्हणाली. मी सगळं लक्ष जोड्यांच्या गोठ्यावर दिलं. दोन जोड्या लागल्या आणि शेवटी एक हिरवं एकटंच उरलं. त्याच्या जोडीचं माझ्या मुठीत येऊन गेलेलं, मीच पुढं सरकवलेलं.

"जोडी नाही तर याचे मार्क नाहीत," ग्रेस म्हणाली.

"जोडीदार पुढं गेलाय गं त्याचा. त्यात त्याची काय चूक?"

ग्रेसनं आईकडं पाहिलं आणि हळूच 'पाच' पुटपुटत मार्क लिहिले. तरी मी हरलेच. पंधरा मिनिटांत खेळ खलास. मिस्त्रींना रविवारी देवळात जाताना शर्टाची बटणं लावायला यापेक्षा जास्त वेळ लागायचा.

पण मला एक कल्पना सुचली. ही तिघं भावंडं समोरासमोर बसून हा खेळ खेळली, तर निदान एकमेकांच्या हातात काहीतरी देतील. मी ग्रेसला म्हटलं, "तुझ्या पप्पांना, आत्याला, काकाला बसव खेळायला," आणि भाकऱ्या थापायला आत गेले. त्यांनी पोरीला पेरू काढायला बाहेर धाडलं, हे मला कुठं माहीत?

कुकरमध्ये मटण होतं, शिट्ट्यांवर शिट्ट्या. त्यातून मला तुकडे तुकडे ऐकू येत होते.

"...कायमचं मला न्हाई ठेवता येणार. जागा कुठंय?" हा जॉर्ज.

"मग इकडं द्या. पण मीबी कायमचं..." ही रेबेका.

"अन् माझ्याकडं कधी?" केविन.

मग रेबेकाच्या रडण्याचा आवाज. मी म्हटलं, बघा, लाकडाच्या जनावरांवरून रडतेय, लहानपणापासून हिला हरता येत नाही. मी आतूनच ओरडले, "अगं, रडायचं काय त्यात? थोडं आपल्याकडं ठेवायचं अन् पुढं सरकवायचं! ज्याची पाळी आली त्यानं मुकाट्यानं घ्यायचं!"

बाहेरचं रडणं थांबलं.

मला चेव आला. "अन् कुठंच जमंना, तर नदी हायेच!"

रेबेका धावत आत आली आणि माझ्या गळ्यात पडली. "आई, असं नदीबिदीचं बोलू नको गं! आमी हाय ना!"

"अगं, नदीतबी एक मार्क असतो."

ती आणखीच हुंदके द्यायला लागली. मागून जॉर्ज आला, पाळकसाहेबांपुढं उभा राहतो तसा हात बांधून. "आई, आमची बोलायची हिंमत होत नव्हती. तूच मोकळं केलंस. आधी मी, मग रेबेका, मग केविन. चालंल?"

"चालंल की. सुरुवात थोरल्यानंच करावी."

तेवढ्यात केविन म्हणाला, "अन् पप्पांचे पाने? बंद घरात गंजतील. मी नेऊ का राहुरीला?"

तव्यावरची भाकरी करपली. आमच्या घरात भाकरी करपण्याची ती पहिली वेळ.

मी वळून पाहिलं. रेबेका केविनच्या रुमालानं नाक पुसत होती. जॉर्जचा हात केविनच्या खांद्यावर होता. सहा महिन्यांपूर्वी याच दारात तिघं तीन दिशांना तोंडं करून उभी होती. मी करपलेली भाकरी बाजूला ठेवली आणि दुसरी टाकली.

पण जेवताना राहवेना. म्हटलं, खरं ते सांगून टाकावं. "बाबांनो, ऐका. मी ते खेळाचं बोलत हुते. मला वाटलं, तुमी त्या डायनाच्या जनावरांवरून भांडताय. मला कुठंच जायचं न्हाई. मला हितंच राहायचंय."

मग केविनला रश्श्याचा ठसका लागला, आणि तो जो हसायला लागला! जॉर्ज हसला, लीना हसली, रेबेका तर भिंतीला टेकून हसली. "नदी हायेच, म्हणे!" "आई, लई भारी!" "पप्पा असते तर पोट धरून हसले असते!"

फक्त ग्रेस हसली नाही. ती माझ्याकडं बघत होती.

मिस्त्री गेल्यापासून त्या घरात पहिल्यांदाच कुणी हसत होतं. मग मीही हसले. विनोद माझाच होता, मीच नाही हसले तर कसं दिसेल?

केडगावला येऊन आता तिसरा आठवडा आहे. लीना कौतुकानं एकेका शेजारणीला घरी बोलावते आणि म्हणते, "आई, तो डायनासोरचा किस्सा सांगा ना." मी सांगते. आतापर्यंत अकरा जणींना सांगून झाला. सगळ्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतात, चहा पितात, आणि उठताना जी ती पदर सावरत एवढंच विचारते, "मग आजी, इथला मुक्काम कधीपर्यंत?"