चाळीस कार्डं, डागासकट

जैनोद्दीन उस्तादांनी कार्ड नव्या चष्म्याजवळ नेलं, मग हात लांब करून पाहिलं आणि शेवटी नातीला विचारलं, "हमिदा, ह्या घराच्या कौलांवर पांढरं काय पसरलंय? कापूस वाळत घातलाय का?"

"बर्फ हाय, दादा." आजोबांना ती दादा म्हणे. "मिसबाई म्हनल्या, त्यांच्या मुलखात थंडीत आभाळातनं पडतो."

"सोलापुरात भुशात गुंडाळून येतो, तो बर्फ? तो वरनं पडल्यावर कौल शाबूत ऱ्हाईल का?"

"तुमाला कौलं शाकारायला बोलावलंय व्हय?" चुलीपुढून खातूनबी म्हणाल्या. "कागदावर काढायचाय तेवढा काढा की."

उस्तादांनी बायकोकडे दुर्लक्ष केलं. काम साधं नव्हतं. नळदुर्गातला मोहरमचा मोठा ताबूत तीस वर्षं त्यांच्या हातचा होता. मग दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि गेल्या साली ताबूत पुतण्याने, नबीलालने केला. यंदा उन्हाळ्यात मिशन दवाखान्याच्या गोऱ्या डॉक्टर मिसबाईंनी डोळ्यांवर शस्त्रक्रिया केली आणि उस्तादांना पुन्हा दिसू लागलं. पण ताबूत कुणाला द्यायचा हे ठरवणाऱ्या पंचांचे म्होरके आण्णासाहेब पाटील यांच्या मनात शंका राहिली होती. "नजर आली, मान्य. पण हात परत आला का न्हाय, ते कसं कळायचं?" असं ते चारचौघांत म्हणाले होते. ते उस्तादांच्या कानावर आलं होतं आणि जेवणावरची वासना उडाली होती.

एकोणीसशे बेचाळीसचं ते साल. लढाईमुळे बोटी बंद. दरवर्षी मिसबाईंकडे विलायतेहून नाताळची कार्डं येत, ती यंदा आली नाहीत. त्यांना आपल्या ओळखीच्या चाळीस जणांना कार्डं धाडायची होती. कुणी मिरजेला, कुणी पुण्याला, कुणी बेळ्ळारीला. तेव्हा जपून ठेवलेलं एक जुनं कार्ड घेऊन त्या स्वतः उस्तादांच्या घरी आल्या आणि म्हणाल्या, "उस्ताद, मला हे असंच पाहिजे. हुबेहूब."

ही गोष्ट कळताच आण्णासाहेबांनी निकाल देऊन टाकला. "बास! मिसबाईंनी चाळीस कार्डं पास केली, तर ताबूत उस्तादांचा. न्हाय तर नबीलालचा."

दुसऱ्या दिवसापासून घराच्या ओसरीवर शाळाच भरली. हमिदा आणि गल्लीतल्या तीन पोरी मांडी घालून बसल्या. खातूनबींनी मैद्याची खळ शिजवली आणि किडे लागू नयेत म्हणून तीत चिमूटभर मोरचूद घातला. बर्फासाठी पिंजलेला कापूस आणि वर ताबुताला लावतात तो अभ्रकाचा चुरा. कार्डांच्या कागदांतून उरलेल्या पट्ट्यांच्या साखळ्या झाल्या, दवाखान्याच्या ओसरीसाठी एक चांदणीही झाली. कार्डावर काटेरी पानं होती, लाल मण्यांसारखी फळं होती आणि छातीवर कुंकू सांडल्यासारखा एक पक्षी होता.

एका पोरीने कापता कापता पक्ष्याचा पाय उडवला आणि ती रडायला लागली. उस्ताद रागावले नाहीत. त्यांनी तिला दुसरा कागद दिला. "बेटा, कात्री पळवू नको. कात्री जागच्या जागी ठिव आन् कागद फिरव. हां, असा. बघ, पाय आपसूक सुटला." पोरगी डोळे पुसत हसली. मग तिला पायच कापायचा नाद लागला.

उस्तादांचा एकच नियम होता आणि तो त्यांच्या उस्तादांकडून आला होता. नमुन्यात जे आहे ते सगळं उतरवायचं. नमुन्याला शहाणपण शिकवायचं नाही.

तिसऱ्या दिवशी हमिदाने कार्ड उघडलं. आत निळ्या शाईने तीन ओळी लिहिलेल्या होत्या. खालच्या कोपऱ्यात कपाच्या बुडाचा गोल डाग पडलेला होता.

"दादा, हे हातानं लिव्हलेलं दिसतंय. छापील न्हाय. हेबी काढायचं?"

"मिसबाई काय म्हनल्या?"

"हुबेहूब."

"मग?"

"पन हा डाग चहाचा हाय."

"चहाचा असंल न्हाय तर केवड्याचा असंल. नमुन्यात हाय का न्हाय?"

"हाय."

"काथ भिजव."

घरात इंग्रजी कुणालाच येत नव्हतं, त्यामुळे अक्षर हेही उस्तादांच्या लेखी नक्षीच होतं. त्यांनी तेलकट पातळ कागदावर त्या ओळी गिरवल्या, सुईने बारीक छिद्रं पाडली आणि वरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी थोपटली. खाली ठिपके उमटले. ह्याला खाका म्हणतात. ताबुताची सगळी वेलबुट्टी अशीच उतरते. ठिपक्यांवरून निळी शाई फिरली. चाळीस वेळा तेच अक्षर, तोच झोका, आणि चाळीस वेळा कोपऱ्यात काथाचा तोच गोल. शेवटच्या कार्डावर डाग जरा फिका पडला, तेव्हा उस्तादांनी ते बाजूला काढून नवं केलं.

तोवर मिसबाई बेंबळीकडे प्लेगच्या सुया टोचायला गेल्या होत्या. जाताना त्यांनी चाळीस पाकिटांवर पत्ते लिहून ठेवले होते. मागे स्वतःचं नाव घातलं होतं आणि कंपाउंडर कल्याणप्पाला सांगितलं होतं, "कार्डं आली की घाला आणि टाका. मला उशीर झाला तरी नाताळ चुकायला नको."

कल्याणप्पाला बाटल्यांवरची चिठ्ठी वाचण्यापुरतं इंग्रजी येत होतं. त्याने एक कार्ड उघडलं, आतला मजकूर पाहिला आणि लगेच मिटलं.

"मिसबाईंनीच मजकूर देऊन लिहून घेतलेलं दिसतंय की," तो आदराने पुटपुटला. "दुसऱ्याची चिठ्ठी आपण वाचायची न्हाई."

आणि त्याने चाळीसही कार्डं टपालात टाकली. नमुना तेवढा उस्तादांनी मिसबाईंसाठी जपून ठेवला.

कार्डं टपालात पडल्यापासून आठव्या दिवशी सकाळी पोलीस ठाण्याचे अमीनसाहेब दोन शिपाई घेऊन उस्तादांच्या दारात उभे राहिले. पंच म्हणून आण्णासाहेबांना आणलं होतं. मागे कल्याणप्पा होता. त्याचा चेहरा पाहून खातूनबींनी आधी त्यालाच पाणी दिलं.

अमीनसाहेबांनी खिशातून एक कार्ड काढलं. "हे कुणाचं काम?"

उस्तादांचा ऊर भरून आला. कामाची चौकशी करायला खुद्द अमीन! "माझंच, साहेब. पोरींनी मदत केली, पन हात माझा."

"सगळी?"

"चाळीसच्या चाळीस. एकबी उन्नीस-बीस न्हाय."

"लिहून घे," अमीन शिपायाला म्हणाले. "कबूल केलं." मग त्यांनी सोलापूरहून आलेला कागद उघडला आणि कार्डातल्या ओळींचा अर्थ सगळ्यांना वाचून दाखवला. "मामांचा पाय आता जमिनीला टेकतो. मोठी पेटी सोळा तारखेला अंधार पडल्यावर हलवू. आईला कळू देऊ नकोस. एम." त्यांनी मान वर केली. "चाळीस ठिकाणी एकच निरोप. एकाच जागी एकच खूण. लढाई चालू आहे, उस्ताद. सोलापूरला टपाल फोडून तपासणाऱ्यांनी पाच कार्डं ठेवून घेतली, बाकीची मुद्दाम पुढं सोडली, कोण काय जवाब देतं ते बघायला. आता सांगा, मामा कोण?"

"कुनाचा मामा?"

"सोळा तारखेला काय आहे?"

"शनवार असंल."

"पेटी कुठं आहे?"

उस्तादांनी निमूटपणे कोपऱ्याकडे बोट दाखवलं. ताबुताच्या सामानाची शिसवी पेटी तिथे होती. शिपायांनी ती उघडली. कोळशाची पूड निघाली, मोरचूद निघाला, तारेची वेटोळी निघाली. अमीनसाहेबांचा हात मिशीकडे गेला.

"दारूगोळा हाय त्यो," खातूनबी म्हणाल्या. "आमी तीस वरसं ताबूत उडवतो त्याच्यानं."

"बाई, सरकारी कामात थट्टा चालत नाही."

"मग सरकारनं आमच्या खळीत कशाला हात घालावा?"

आण्णासाहेब उस्तादांच्या जवळ आले. त्यांचा आवाज खाली आला होता. "उस्ताद, म्या कार्ड बघितलं. काम लाखात एक हाय. पन पोलिसाच्या चौकशीतल्या मानसाच्या हाती ताबूत कसा द्यायचा? गाव काय म्हनंल?"

उस्तादांनी चष्मा काढला, सदऱ्याने पुसला आणि परत घातला. हमिदा त्यांना चिकटून उभी राहिली. "दादा, डाग म्याच काढलाय. त्यांना सांगा," ती म्हणाली.

तेवढ्यात दारात टांगा थांबला. मिसबाई बेंबळीहून परतल्या होत्या आणि दवाखान्यात कुणीच नाही म्हणून इकडे आल्या होत्या. अमीनसाहेबांनी अदबीने त्यांच्या हाती कार्ड दिलं. त्यांनी चित्र पाहिलं, हसल्या, कार्ड उघडलं आणि त्यांचं हसू थांबलं. त्या समोरच्या पेटीवरच बसल्या.

"हे माझ्या भावाचं अक्षर आहे," त्या म्हणाल्या.

"भाऊ कुठं असतात?" अमीनांनी विचारलं.

"तो आता नाही. आधीच्या लढाईत गेला." मिसबाई सावकाश बोलत होत्या. त्यांचं मराठी नेहमीच सावकाश असे, पण आज शब्दांमध्ये अंतर जास्त होतं. "आईच्या वाढदिवसाला आम्ही बाजाची पेटी घेतली होती. मामाच्या घरी लपवली होती. ती उचलताना मामाने पाय मोडून घेतला. मार्टिनने मला हे कार्ड पाठवलं. चहा त्यानेच सांडला असेल, तो सगळीकडे सांडायचा. पेटी आईकडे पोचली. पुढच्या नाताळला तो नव्हता."

खातूनबींनी चुलीत उगाच लाकडं सारली.

अमीनसाहेब माणूस वाईट नव्हते, पण त्यांना वर कागद पाठवायचा होता. "मिसबाई, तुमचं खरं. पण अर्थ न कळता, डागासकट, कुणी एवढं हुबेहूब उतरवतं, हे वरचे साहेब मानतील? मीच मानत नाही."

"मानू नका," उस्ताद पहिल्यांदाच ताठ आवाजात म्हणाले. "नमुना द्या."

अमीनसाहेबांनी मांडीवर कागद घेऊन इंग्रजीत चार ओळींचा हुकूम लिहिला, खाली लफ्फेदार सही केली. टाक झटकताना एक शाईचा थेंब सहीवर पडला. "हे उतरवा."

उस्तादांनी पोरींना हाक मारली. तेलकट कागद आला, सुई आली, कोळशाची पुरचुंडी आली. अमीनसाहेब समोर बसून राहिले. दोन वेळा चहा झाला. दुपार कलली तेव्हा उस्तादांनी दोन कागद शेजारी शेजारी मांडले.

अमीनसाहेबांनी एक उचलला, दुसरा उचलला. उजेडात नेले. पालथे केले. शेवटी आण्णासाहेबांना दिले. आण्णासाहेबांनी ते कल्याणप्पाला दिले आणि त्याने कुणी काही म्हणायच्या आत परत केले.

"ह्यातला माझा कुठला?" अमीनसाहेबांनी विचारलं.

"वास घ्या, साहेब," हमिदा म्हणाली. "आमच्याला कोळशाचा वास येतो."

अमीनसाहेबांनी अत्यंत गंभीरपणे दोन्ही कागदांचा वास घेतला. मग त्यांच्या ध्यानात आलं की, तालुक्यातल्या कुणालाही पकडण्याचा किंवा सोडण्याचा हुकूम आता ह्या ओसरीवर चार पोरी दुपारभरात करू शकतात. ते उठले आणि त्यांनी दोन्ही कागद चुलीत घातले.

"तपास संपला," ते म्हणाले. "माणूस बेगुनाह आहे. पण उस्ताद, अल्लाच्या वास्ते, सरकारी कागदाला हात लावायचा नाही. आजपासून तुमच्या घरी समन्स आलं तर तेसुद्धा तोंडीच येईल."

ते गेल्यावर आण्णासाहेबांनी घसा खाकरला. "मिसबाई, कार्डं पास का नापास?"

"पास," मिसबाई म्हणाल्या. उस्तादांनी आणून दिलेलं भावाचं मूळ कार्ड आणि त्यांच्या हातचं कार्ड त्यांनी दोन हातांत धरलं होतं आणि त्या कुठल्याचाच वास घेत नव्हत्या.

"मग ताबुताचे वेळू कधी आणायचे, उस्ताद?" आण्णासाहेब म्हणाले.

मोहरम तोंडावर आला. अंगणात ताबुताचा सांगाडा उभा राहिला. एका दुपारी उस्ताद पोरींना मिनाराची जाळी कापायला शिकवत होते, तेव्हा मिसबाई हातात पत्रांचा जुडगा घेऊन आल्या. सगळी पाकिटं फोडून परत चिकटवलेली होती. सोबत अमीनसाहेबांनी सोलापूरहून परत मागवलेली पाच कार्डं होती.

"जवाब आले," त्या म्हणाल्या. "मिरजेचे डॉक्टर विचारतात, पायाला प्लास्टर किती दिवस होतं? बेळ्ळारीच्या बाईंनी चोळायच्या तेलाची कृती पाठवली आहे. पुण्याहून एक म्हातारे पाद्री लिहितात, मी आईला काही बोलणार नाही." त्या हसत होत्या आणि रुमालाने डोळेही टिपत होत्या. "पंचवीस वर्षं मामांच्या पायाची चौकशी कुणी केली नव्हती."

उस्तादांनी कात्री खाली ठेवली. "मिसबाई, आमाला वाचता येत न्हाय. चूक झाली. पुढल्या साली आतली बाजू कोरी ठिवू."

मिसबाईंनी थोडा विचार केला.

"नको," त्या म्हणाल्या. "असंच करा."

उस्तादांनी हमिदाकडे पाहिलं, हमिदाने मिसबाईंकडे.

"डागासकट?" तिने विचारलं.

"डागासकट."