टबातलं ऊन

टबात पहिला पाय टाकताच छोटी किंचाळली आणि तोच पाय तिने अशा चपळाईने वर ओढला, की कडेवर ओळीने मांडलेल्या सुगंधी तेलाच्या बाटल्या एकामागून एक पाण्यात गेल्या.

"वहिनी! गरम आहे म्हणालीस ना?"

"गरमच आहे." वहिनी दारातून आत आली, तिने पाण्यात कोपर बुडवलं आणि चेहरा जराही न हलवता म्हणाली, "म्हणजे कोमट आहे."

"माझ्या पोटऱ्यांवर काटा आलाय!"

"बरं बाई, गार आहे. झालं समाधान?"

समाधान होण्यासारखं नव्हतंच. छोटी ही वहिनीची नणंद. वहिनी लग्न होऊन या घरात आली तेव्हा छोटी दोन वेण्या घालून शाळेत जात असे. आता त्याच केसांत पांढऱ्या बटा डोकावत होत्या, पण नाव काही मोठं झालं नव्हतं. एका नावाजलेल्या पार्लरमध्ये तिने अर्धं आयुष्य लोकांचे पाय चेपण्यात घालवलं होतं. तिथल्या मालकीणबाईंना सगळे मोठ्या मॅडम म्हणत. छोटीने नोकरी सोडून घरातच स्पा काढायचं ठरवलं, तेव्हा मोठ्या मॅडम सगळ्यांदेखत हसल्या होत्या. "घरात स्पा? आणि गरम पाणी कुठून आणणार, किटलीतून?"

मॅडमपुढे छोटीची जीभ कायम टाळूला चिकटलेली असायची. त्या दिवशी मात्र तिच्या तोंडून निघून गेलं, "सूर्य तापवेल!" मग बोललेलं खरं करण्यासाठी मागच्या खोलीत टब आला, गच्चीवर सौर हीटर आला आणि दारावर पाटी लागली: 'येथे फक्त उन्हाने तापलेले पाणी वापरले जाते.' आता मॅडमचा फोन आला होता. रविवारी येते म्हणाल्या. बघू तरी तुझा सूर्य.

"विजेचा गीझर लावून टाकू," दादा म्हणाला. दादा म्हणजे छोटीचा भाऊ आणि वहिनीचा नवरा. "कोणाला कळतंय?"

"पाटीला कळतंय," वहिनी म्हणाली.

वहिनीने उमेदीची सगळी वर्षं शाळेत खेळाचे तास घेण्यात घालवली होती. दोरावर चढायला घाबरणाऱ्या पोराला ती वर पाठवायची आणि वर जाऊन रडणाऱ्याला खाली आणायची. त्यामुळे एखादी गोष्ट आपलं ऐकणारच नाही, हे तिला मुळात मान्य नव्हतं. हीटर बसवणाऱ्या माणसाला फोन केला, तर तो म्हणाला, पुढच्या आठवड्यात बघू. "पुढच्या आठवड्यात आम्हीच तुम्हाला बघून घेऊ," असं सांगून तिने फोन ठेवला आणि बाह्या सरसावल्या.

"बिघाड वर आहे. वरचं मी बघते, खालचं तू सांभाळ," तिने छोटीला फर्मावलं.

गच्चीवर हीटरच्या काचेच्या नळ्यांवर धुळीचा असा थर बसला होता, की बोटाने नाव लिहिता आलं असतं. ऊन आत शिरणार कुठून? मंगळवारी सकाळी, काच तापायच्या आत, वहिनीने बादलीभर फेस केला आणि एकेक नळी मातीत लोळून आलेल्या पोराला न्हाऊ घालावं तशी खसाखसा घासली. नळ्या लखलखल्या. फेस पन्हाळातून खाली गेला आणि खाली शेजारच्या काकूंच्या दोरीवर वाळत घातलेल्या चादरी होत्या.

"अगं, या धुतलेल्या आहेत गं!" काकू खालून ओरडल्या.

"आता जास्त धुतल्या गेल्या, काकू!" वहिनी वरून म्हणाली. दुपारी टबातलं पाणी तपासलं. गार.

म्हणजे दोष टाकीत. बोअरच्या पाण्याचे क्षार आत साठले असणार, असं वहिनीने ताडलं. तेही खरंच होतं. बुधवारी तिने टाकी धुवायची ठरवली, तळाचं बूच उघडलं आणि मग तिच्या लक्षात आलं, की त्याला नळी जोडायची राहून गेली आहे. सगळं पाणी पांढऱ्या खपल्या घेऊन जिन्यावरून खाली निघालं. जिन्याच्या पायथ्याशी दादाचं ऑफिस होतं, म्हणजे एक टेबल, एक खुर्ची आणि एक लॅपटॉप. दादा व्हिडिओ कॉलवर साहेबांना महिन्याचा हिशोब समजावत होता. पाणी पायाला लागताच त्याने लॅपटॉप डोक्यावर धरला आणि खुर्चीवर उभा राहिला.

"तुमच्याकडे छत फार जवळ दिसतंय," साहेब म्हणाले.

"हो सर, घर जरा बसकं आहे," दादा पंख्यापासून मान वाचवत म्हणाला.

टाकी आरशासारखी स्वच्छ झाली. टबातलं पाणी गार ते गारच.

गुरुवारी वहिनीने ठरवलं, की उष्णता वाटेत गळते आहे. गच्चीपासून खालपर्यंतच्या सगळ्या पाइपांना तिने जुनी ब्लँकेटं गुंडाळली. ती पुरेनात, तेव्हा दादाचे दोन स्वेटर आणि मफलर कामी आले. संध्याकाळी काकू गच्चीकडे बघून दादाला हाक मारत होत्या आणि उत्तर येत नाही म्हणून रागावत होत्या. पाइपाला त्याचा स्वेटर इतका छान बसला होता.

त्या दिवशी एक चांगली गोष्ट घडली. टाकीजवळच्या नळाखाली वहिनीने बोट धरलं आणि ते चक्क भाजलं. बोट तोंडात धरूनच ती धावत खाली आली. "तापलं! पाणी तापलंय!" छोटीने टबावरच्या शॉवरचा खटका दाबला. गार.

वर कढत, खाली गार. मग मधे होतं काय?

"थंड पाण्याचा जोर जास्त आहे," वहिनी म्हणाली. "ते आडदांड पोरासारखं गरम पाण्याला ढकलून पुढे घुसतंय. त्याचाच जोर उतरवते." पुन्हा वर जाऊन तिने थंड पाण्याचा व्हॉल्व्ह पिळून जवळजवळ बंद केला. तो घट्ट होता, पण वहिनीच्या मनगटापुढे त्याचं काय चालणार?

शुक्रवारी दादा संडासातून विचारमग्न चेहऱ्याने बाहेर आला.

"अगं, एक विचारू का? आपल्या फ्लशला वाफ येते का?"

"काहीतरीच काय!"

"मला आली बुवा. चष्मा पुसावा लागला."

वहिनी आणि छोटी धावल्या. फ्लशमध्ये गरम पाणी. बाहेर बागेतल्या नळीला गरम पाणी, आणि त्याने दादाने सकाळीच सगळ्या कुंड्यांना अंघोळ घातलेली. वॉशिंग मशीनमध्ये तर छोटीचे स्पासाठी आणलेले पांढरेशुभ्र टॉवेल दादाच्या लाल बनियनबरोबर कढत पाण्यात फिरत होते. ते बाहेर निघाले तेव्हा गुलाबी झाले होते, आणि बनियन कुण्या बाळाला झालं असतं. घरभर पाणी तापलं होतं. टबाच्या वाट्याला आलं तोवर टाकी रिकामी.

छोटी गुलाबी टॉवेलात तोंड खुपसून रडायला लागली. "मॅडमना फोन करते. नका येऊ म्हणते."

"खबरदार!" वहिनी इतक्या जोरात म्हणाली, की दादा पलीकडच्या खोलीत ताठ उभा राहिला. "पाणी काही भूत नाही. पाइपातून जातं. ते जिथे चुकतं, तिथे मी त्याला गाठते."

शनिवारी तिने गच्चीपासून सुरुवात केली. ब्लँकेटात हात घालून, डॉक्टरने नाडी बघावी तसा एकेक पाइप चाचपत ती खाली आली. गरम पाइप गरम होता. थंड पाइप मात्र मधूनच गरम लागत होता. त्या गरमाचा माग काढत, भिंतीला कान लावत, ती शेवटी स्पाच्या खोलीत टबापाशी येऊन थांबली. टबावरच्या मिक्सर-नळाची दोन्ही चाकं, गरमाचं आणि थंडाचं, पूर्ण सोडलेली होती. पुढे लावलेल्या हॅण्ड शॉवरचा खटका तेवढा बंद होता.

"छोटे, हे दोन्ही चालू का?"

"मी खटक्यानेच बंद करते. एकदा जमवलेलं पाणी परत कोण जमवत बसणार? पार्लरमध्ये आम्ही असंच करायचो."

वहिनी टबाच्या कडेवर बसली. पुढची वाट बंद, आतली दोन्ही दारं उघडी. मग गरम आणि थंड आतल्या आत एकमेकांच्या घरी राहायला जाणार नाहीत तर काय करतील? आधी थंड पाणी गरमाच्या पाइपात घुसत होतं, आणि तिने व्हॉल्व्ह आवळल्यावर गरम पाणी थंडाच्या पाइपात गेलं होतं. नळ्या, टाकी, ब्लँकेटं, स्वेटर, दादाचं छताजवळचं आयुष्य, सगळं एका खटक्यापायी.

"म्हणजे माझ्यामुळे," छोटी हळूच म्हणाली.

वहिनीच्या ओठांवर बरंच काही आलं होतं. तेवढ्यात तिला आठवलं, की पाणी वाचेल म्हणून तो खटक्याचा शॉवर बाजारातून हौसेने तिनेच आणला होता, आणि छोटी साधा नळच बरा म्हणत असताना आग्रहाने बसवूनही घेतला होता.

"तू चाकं बंद करायला शीक, मी हट्ट कमी करायला शिकते," ती म्हणाली. "तुझं आधी होईल."

रविवारी ऊन असं कडकडीत पडलं, की जणू तेही आठवडाभर वाट बघत होतं. मोठ्या मॅडम आल्या. पाटी त्यांनी वाचली, गुलाबी टॉवेल उलटसुलट करून बघितले, "रंग वेगळा घेतलास," एवढंच म्हणाल्या आणि बाहेरच्या खोलीत बसल्या. आत छोटीने टब भरला, बोट घातलं आणि तोंडावर हात दाबून किंचाळी अडवली.

"वहिनी, यात बटाटे उकडतील!"

नळ्या लखलखीत, टाकी स्वच्छ, पाइप उबेत आणि ऊन रणरणतं. आठवडाभराची मेहनत एकदम फळाला आली होती. थंड पाण्याचं चाक सोडलं, तर नुसती करंगळीएवढी धार. वहिनीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आवळलेला व्हॉल्व्ह तसाच राहिला होता! ती तीरासारखी गच्चीवर गेली, दोन्ही हातांनी व्हॉल्व्हचा दांडा पकडला, जोर केला, आणि दांडा तिच्या हातात आला. व्हॉल्व्ह जागेवर होता तसाच राहिला.

पाणी तापावं म्हणून आठवडाभर झगडलेली बाई मग बर्फ मागत फिरू लागली. घरातला बर्फ टबात पडल्या पडल्या दिसेनासा झाला. काकूंनी फ्रीज उघडून भांडंभर बर्फ काढला, पण हातातून सोडेनात.

"चादरी विसरले नाही हं मी. माझे गुडघे धरलेत. मॅडमनंतर मला टबात बसायला मिळणार असेल, तर ने."

"बसा, काकू. हवं तेवढं बसा!"

अखेर पाणी माणसाच्या कातडीला सोसेल असं झालं. छोटीने मॅडमना आत नेलं, टबात बसवलं, मान-खांदे रगडून दिले आणि त्यांना निवांत सोडून ती बाहेर आली. दाराला कान लावून तिघं उभे राहिले. आतून आधी एक लांब सुस्कारा आला. मग शांतता. मग घोरणं.

"आवडलं वाटतं," दादा कुजबुजला.

घोरणं थांबायचं चिन्ह दिसेना. काकू टॉवेल खांद्यावर टाकून आल्या आणि मॅडमच्याच खुर्चीवर बसून गुडघे चोळू लागल्या. मग खाकरू लागल्या. मग मोठ्याने म्हणाल्या, "बर्फ माझा, आणि डुंबणारं भलतंच कुणी!"

"मी उठवते," वहिनी पुढे झाली.

छोटीने तिचा दंड धरला. पकड पक्की होती. "नको. गिऱ्हाईक माझं आहे." ती आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. वहिनीने कान पुन्हा दाराला चिकटवला.

"मॅडम. मॅडम, वेळ झाली."

"पाच मिनिटं गं."

गेली हिची जीभ टाळूला, वहिनीच्या मनात आलं, आणि तिची मूठ दाराच्या कडीवर गेली.

"नाही मॅडम," छोटीचा आवाज आला. "बाहेर काकू थांबल्यात."

"मी कोण आहे, माहितीये ना तुला?"

"माहितीये, म्हणून तर इतका वेळ झोपू दिलं."

आणि मग टबाचं बूच ओढल्याचा आवाज आला. पाणी गुडगुडत निघालं. आठवडाभर राबून कमावलेलं ऊन गटारात चाललं होतं. आत धावावं आणि भोकावर तळहात दाबून धरावा, असं वहिनीला वाटून गेलं. पण ती हलली नाही. उलट तिला हसूच फुटलं, आणि ते दाबायला तिने दादाचाच खांदा चावला.

मोठ्या मॅडम बाहेर आल्या, त्या डोक्याला गुलाबी टॉवेल गुंडाळून, तान्ह्या बाळासारख्या तुकतुकीत होऊन. सगळ्यांकडे त्यांनी क्षणभर रागाने बघायचा प्रयत्न केला, पण इतक्या सैल झालेल्या चेहऱ्यावर राग काही ठरेना. चप्पल घालताना त्या खाली बघतच म्हणाल्या, "पुढच्या रविवारी मिळेल का गं जागा?"

पुढचा रविवारच काय, पुढचा सगळा आठवडा मोकळा होता. छोटीने ओले हात कमरेला पुसले आणि कपाळाला आठी घालून जरा विचार केला.

"बघून कळवते, मॅडम," ती म्हणाली. "आणि वेळेवर उठायचं कबूल असेल, तरच."