आवाजाला इस्त्री

ठाकुर्लीतल्या आमच्या इमारतीत कुकर लावण्याआधी दुसऱ्या मजल्यावर विचारावं लागतं. तिथे प्रधानकाका राहतात, एकटेच. दारावर पाटी आहे: 'रेकॉर्डिंग चालू आहे. बेल दाबू नये. शिट्ट्या आवराव्यात.' समोरच्या सावंतकाकू जिन्यातूनच ओरडतात, "अहो प्रधान, डाळ भिजून फुगली माझी! संपला का तुमचा गवय्या?" आतून आधी घसा खाकरल्याचा आवाज येतो, "ह्हं-ह्हं," दोनदा, ठरलेला. मग उत्तर, "फक्त तीन. चौथी ऐकू आली तर मी तिकडे येईन." स्वतःचा कुकर त्यांनी माळ्यावर टाकलाय. दोन्ही वेळ पोहे खातात. पोहे वाजत नाहीत.

काका आयुष्यभर कारखान्यात मोटारींचा आवाज ऐकून बिघाड सांगायचे. निवृत्त झाल्यावर माणसांचे आवाज दुरुस्त करायला लागले. बेडरूममध्ये कॉम्प्युटर, माइक आणि गाणाऱ्याला उभं करायला कपड्यांचं कपाट. कपड्यांत आवाज घुमत नाही म्हणून. हळदीची गाणी म्हणणारे, भजनी मंडळ, भीमगीतांची पार्टी, सगळे त्या कपाटात काकांच्या स्वेटरांत तोंड घालून गाऊन गेलेत. डांबरगोळ्यांच्या वासाने कुणी शिंकलं की काका म्हणतात, "शिंक पुसता येते. तुम्ही सूर लावा."

मी वायरमन. आठवीत शाळा सोडून किनवटकडून इकडे आलेलो. कुणी बोलावलं की आधी मनात येतं, आपलं काय चुकलं? काकांनी पहिल्यांदा बोलावलं ते पंख्यासाठी. पंखा तर चांगला फिरत होता. "फिरतो रे, पण गुणगुणतो," काका म्हणाले. तीनदा उघडला. तिसऱ्यांदा मला घाम फुटलेला बघून त्यांनीच चहा टाकला. "अरे, मी पंख्यावर चिडलोय, तुझ्यावर नाही." असं कुणी सांगतं, हे मला माहीतच नव्हतं.

त्यांची सगळी भाषा परटाची. "आवाज आधी धुवायचा, घरघर काढायची. मग इस्त्री. ओरडलेलं खाली, पुटपुटलेलं वर, सगळं एका पातळीला. शेवटी थोडा घुमारा, अत्तरासारखा. कानामागे लावायचा, बादलीत बुडवायचं नाही." हे सांगताना त्यांचा स्वतःचा शर्ट उशीखालून काढल्यासारखा.

यंदा बहिणीची हळद होती. सुपरवायझर म्हणाला, गेलास तर परत येऊ नकोस. आई फोनवर म्हणाली, "तू न्हाई तर न्हाई, तुजं गानं तरी वाजू दे मांडवात." ते गाणं मीच जुळवलेलं. बहीण लहान असताना तिला खांद्यावर घेऊन म्हणायचो. काकांना विचारताना माझी जीभ अडखळली. ते एवढंच म्हणाले, "कपाटात शीर."

दोन दिवस काका कॉम्प्युटरला चिकटून होते. घसरलेले सूर वर ओढले, 'स' म्हणताना होणारी शिट्टी घालवली, ओळींआधीचे श्वास एकेक वेचून काढले. "ही धूळ," म्हणाले. ऐकून मला रडूच आलं. एवढा चांगला गातो मी?

हळदीच्या दिवशी सकाळी काकांच्या खोलीतूनच गाणं पाठवलं. आईचा फोन आला तो मी स्पीकरवर टाकला, कौतुक काकांनाही ऐकू जावं म्हणून.

"लई ग्वाड हाय रे. कोन हाय हा गानारा?"

"आई, मीच की."

"चल, चेष्टा नको करू. तुजं पाठव. पोरगी अडून बसलीय, दादाचं गानं आल्याबिगर हळद लावून घेईना."

काकांनी खुर्ची ओढली.

"ह्हं-ह्हं. ताई, फोन ठेवू नका."

त्यांनी अत्तर काढलं, वाजवलं. "आता?"

"न्हाई बा."

इस्त्री काढली. "आता?"

"न्हाई."

ओढलेले सूर होते तिथे सोडले.

"आता ह्याच्या मामावानी वाटायलंय."

मामा गायला लागला की मांडव रिकामा होतो. म्हणजे आम्ही जवळ आलेलो.

काकांनी जरा वेळ डोळे मिटले. मग पहिल्या ओळीआधीची धूळ परत ठेवली. तिथे मी नाक ओढून श्वास घेतलेला.

गाण्याचा शब्द यायच्या आतच आई ओरडली, "आला! अगं पोरी, दादा आला तुजा!" पलीकडे बायकांचा गलका उठला, आणि फोन तसाच चालू राहिला.

काका पडद्याकडे बघत बसले. "मी हजार मोटारी आवाजावरून ओळखायचो," म्हणाले. "मला तसं ओळखणारं कुणी..." वाक्य तिथेच टाकून ते सावंतकाकूंना कुकर लावा म्हणून सांगायला गेले.

त्याला महिना झाला. काल पुन्हा तोच पंखा उघडलेला. फोन स्पीकरवर टाकून शिडीवरूनच आईशी बोलत होतो. काका आतल्या खोलीत. "ह्हं-ह्हं," तिकडून आलं. आई बोलता बोलता थांबली.

"ते कपाटवाले भाऊ ना रे? इचार त्यास्नी, जेवले का."

मी विचारलं. आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग काका दारात येऊन उभे राहिले.

"शिडीवर आहेसच," म्हणाले, "तर माळ्यावरचा कुकर काढून दे."